हालचालीचे शास्त्र आणि शाळेचे मैदान

गेल्या उपवासकाळात एका आजारी स्नेह्यांना भेटण्यासाठी मी शिरूर तालुक्यातील केंदूर या गावी गेलो होतो. शिक्रापूरहून पाबळच्या बाजूला निघाले की वेळ नदीच्या खोऱ्यात हे जुने गाव लागते. वारकरी मंडळी त्याला संत कान्होराज पाठक यांचे गाव म्हणून ओळखतात. भेट आटोपली, परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता, म्हणून मी एका मैदानाच्या कडेला झाडाच्या सावलीत बसलो. समोर मुलामुलींचा खो-खो रंगात आला होता आणि पलीकडच्या टोकाला लांब उडीचा सराव चालला होता. मैदान मुरमाचे, उडीच्या खड्ड्यात वाळू अशी नावालाच.

सहावी-सातवीतील एक मुलगी धावत आली, तिने उडी घेतली आणि ती दोन्ही पाय ताठ ठेवून धपकन खाली आली. तिच्या तरुण शिक्षकांनी तिला बाजूला घेतले. आता ओरडा बसणार, असे मला वाटले. तसे काही झाले नाही. त्यांनी खिशातून एक चेंडू काढला आणि म्हणाले, "हात ताठ ठेवून झेल बघू." चेंडू तळहातावर आदळून उडाला. "आता हात मागे घेत झेल." चेंडू अलगद हातात बसला. "आता हेच पायांनी करायचं. जमीन आली की गुडघे मागे घ्यायचे, म्हणजे वाकवायचे." मुलगी पुन्हा धावली. या वेळी ती खाली आली ती मांजरासारखी.

ती गोष्ट समजायला मला चाळीस वर्षे लागली होती. १९८३ साली मी सातवीत असताना अशाच एका खड्ड्यात माझा डावा गुडघा दुखावला. आमचे सर दोरीपाशी उभे राहून "आणखी लांब! आणखी लांब!" एवढेच ओरडत. कसे उतरावे, हे त्यांनी सांगितले नाही. बहुधा त्यांनाही कुणी सांगितले नसावे. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही आणि सर मनाचे वाईट मुळीच नव्हते. पण क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानकांवर गुडघे टेकताना ती उडी मला दरवर्षी चौदा वेळा आठवते.

केंदूरहून परतताना एकच प्रश्न मनात घोळत राहिला. शरीर कसे हलते आणि तसे का हलते, हे ज्ञान आपल्या महाराष्ट्रात त्या काळी नव्हतेच काय? थोडे वाचन केल्यावर दिसले, की ते होते, आणि भरपूर होते. मग ते माझ्या शाळेच्या मैदानापर्यंत का पोहोचले नाही, हाच खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

या शास्त्राला इंग्रजी शिक्षणामुळे आपण बायोमेकॅनिक्स म्हणतो, मराठीत जैवयांत्रिकी. हाडे म्हणजे तरफा, सांधे म्हणजे टेकू आणि स्नायू म्हणजे ओढणारे दोर, असे समजून शरीराच्या हालचालीचा हिशेब मांडणारी ही विद्या. तिची मुळे फार जुनी आहेत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्षांत आम्ही ॲरिस्टॉटल वाचत होतो. परीक्षेपुरतेच वाचत होतो, हे कबूल केले पाहिजे. त्याने प्राण्यांच्या चालण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे आणि त्यात एक गमतीदार निरीक्षण आहे. एखाद्या माणसाच्या डोक्याला शाईत बुडवलेला बोरू बांधला आणि त्याला भिंतीलगत चालायला लावले, तर भिंतीवर उमटणारी रेघ सरळ येणार नाही, ती वरखाली होत जाईल. कारण पाऊल पडताना माणूस किंचित बुटका होतो आणि एका पायावर सरळ उभा राहताना पुन्हा उंच होतो. सव्वादोन हजार वर्षांहून अधिक जुनी ही गोष्ट आहे.

पुढे सतराव्या शतकात इटलीतील गणिती जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्ली (१६०८–१६७९) याने या विषयाला गणिताचा पाया दिला. त्याच्या अखेरच्या वर्षांची हकिकत आपल्या वाचकांना आवडेल. सर्व काही गमावून बसलेल्या या विद्वानाला रोममधील पिआरिस्ट धर्मगुरूंनी आपल्या मठात आसरा दिला. हा संघ संत जोसेफ कलासांझ यांनी गरीब मुलांच्या मोफत शिक्षणासाठी स्थापलेला. तेथे तरुणांना गणित शिकवीत बोरेल्लीने आपले हस्तलिखित सिद्ध केले. त्याच्या मृत्यूनंतर, १६८० आणि १६८१ मध्ये, ते दोन भागांत छापले गेले. पुस्तकाचे नाव साधेच होते: प्राण्यांच्या हालचालीविषयी.

बोरेल्लीने दाखविलेली मुख्य गोष्ट आजही पुष्कळांना चमत्कारिक वाटते. हातात पाच किलोची पिशवी धरून कोपर काटकोनात वाकवले, तर दंडाच्या स्नायूला पाच किलो नव्हे, त्याच्या सातआठ पट जोर लावावा लागतो. पिशवी कोपरापासून पस्तीसएक सेंटिमीटर दूर असते आणि स्नायू मात्र कोपरापासून चारपाच सेंटिमीटरवरच हाडाला जोडलेला असतो. विहिरीवरच्या मोटेचा किंवा पहारीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पहार टेकूजवळ धरून धोंडा उचलायला गेले तर काय होते, हे त्याला ठाऊक असते. आपल्या शरीराने जोर गमावून वेग कमावला आहे, एवढाच त्याचा अर्थ. कमरेत वाकून धान्याचे पोते उचलणाऱ्याच्या पाठीवर किती भार येतो, ते याच हिशेबाने कळते. पोते अंगाशी घेऊन गुडघ्यांतून उठावे, असे जुने हमाल नव्यांना सांगतात ते याचमुळे.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात हालचालीचे ज्ञान प्रथम तालमीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, हे सर्वश्रुत आहे. तो खांब नीट पाहावा. बुंध्याला जाड, वर निमुळता, मानेशी बारीक आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल तेल लावतात. तेल कमी पडले तर कातडी सोलून निघते, जास्त झाले तर पकड सुटते. घर्षणाचा धडा यापेक्षा स्पष्ट कोणत्या पुस्तकात असेल? अढी, तेढी, दसरंग, फरारे ही त्या विद्येची परिभाषा. प्रत्येक शब्दामागे शरीराचा गुरुत्वमध्य कोठे न्यायचा याचे अचूक भान आहे. कुस्तीचेही तसेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला त्याच्याच तोलाबाहेर खेचायचे आणि पाडायचे, ही तरफेचीच करामत आहे. पण तालमीतले ज्ञान उस्तादाच्या डोळ्यांत आणि शागिर्दाच्या अंगात राहत असे. का, असे विचारण्याची तेथे पद्धत नव्हती. विचारण्याची गरजही नव्हती, कारण उस्ताद एकेका पोराकडे स्वतंत्र पाहत असे.

शाळेत मात्र एका शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले उभी राहिली. इंग्रजी अमदानीतील शाळांत व्यायाम आला तो बहुतेक ठिकाणी कवायतीच्या रूपाने, आणि शिकवायला आले ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्याच सुमारास युरोपात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांची पद्धत मान्यता पावली होती. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे संस्था काढून व्यायामाला शरीररचनेच्या अभ्यासाची जोड दिली. पण समुद्र ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत त्यातली शरीररचना बोटीतच राहिली आणि हातवारे तेवढे उतरले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कोरड्या कवायतीला देशी उत्तर देण्याचे मोठे काम बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांनी केले. जुम्मादादांच्या आखाड्याचे हे वारसदार. त्यांनी देशी व्यायामप्रकार सामुदायिक रीतीने, हिंदी आज्ञांवर करून घेण्याची पद्धत बसवली. बडोद्यातूनच दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. एखाद्या वाचनालयात त्याचे खंड मिळाले तर जरूर चाळावेत. एकेका हालचालीच्या पायऱ्या चित्रांतून दाखवण्याचा तो खटाटोप थक्क करणारा आहे. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ पासून धावणाऱ्या माणसाची एकापाठोपाठ छायाचित्रे टिपून गतीचे जे तुकडे केले, त्याचीच ही आपल्या भाषेतील दूरची बहीण म्हणावी.

अमरावतीला वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ मध्ये हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. केंदूरच्या शेजारचा तालुका खेड. तेथील हुतात्मा राजगुरू यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले ते याच अमरावतीच्या आखाड्यात. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. नमस्काराच्या धार्मिक अर्थाविषयी आपल्या घरांतून चर्चा होते, ती मी येथे काढीत नाही. निव्वळ हालचाल म्हणून पाहिले, तर पाठीचा कणा आळीपाळीने पुढे आणि मागे वाकवण्याची ती एक सुबक मालिका आहे आणि तिला ना साधन लागते ना मैदान.

परंतु 'का?' हा प्रश्न ज्यांनी खऱ्या अर्थाने विचारला ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). संस्कृतचे विद्वान, माणिकरावांचे शिष्य, आणि पुढे मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकलेले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचा उपयोग केला. पुढे दाबमापक लावून त्यांनी दाखवले, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि बस्तीमध्ये पाणी आत ओढले जाते ते या कमी दाबामुळे. परंपरेने जे वायूचे चमत्कार सांगितले होते, ते नळीतल्या पाऱ्याने मोजले गेले. १९२४ मध्ये त्यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. एखादी गोष्ट पूज्य आहे म्हणून ती तपासू नये, असे या संन्यस्त माणसाला वाटले नाही. उलट, पूज्य आहे म्हणूनच तपासली पाहिजे, असे त्यांचे वागणे सांगते. आमच्या सेमिनरीत श्रद्धा आणि बुद्धी या विषयावर जी व्याख्याने होत, त्यांत हे उदाहरण कुणी दिले असते तर मी अधिक जागा राहिलो असतो.

कुवलयानंदांना शाळा विसरता आली नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या सरकारी कामात त्यांना प्रमुख स्थान मिळाले, आणि १९३८ मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षकांच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था निघाली. त्याआधी, १९३६ मध्ये, 'यौगिक संघ व्यायाम' या पुस्तकात त्यांनी मोठ्या समुदायाकडून आज्ञेवर करून घ्यावयाचे व्यायाम बसवून दिले होते.

माझ्या मते वाट चुकली ती याच वळणावर, आणि त्यात दोष कुणा एकाचा नव्हता. प्रयोगशाळेत एका माणसाचे पोट पाहिले जात होते, मैदानावर पाचशे मुले उभी होती. पाचशे जणांना आज्ञा देता येते, कारण देता येत नाही. एक, दोन, तीन, चार हे आकडे मैदानावर गेले आणि कारण प्रशिक्षण महाविद्यालयाच्या वहीत राहिले. शिक्षक घडवणारी महाविद्यालये वाढली. महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ मध्ये निघाले. आज बी.पी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शरीरगतीशास्त्र आणि जैवयांत्रिकी हा रीतसर विषय आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात न्यूटनचे नियम, तरफा, समतोल आणि घर्षण यांवर आख्खे प्रकरण आहे. म्हणजे सतराव्या वर्षी शहरातला विद्यार्थी लांब उडीतील क्रिया-प्रतिक्रियेवर पाच गुणांचे उत्तर लिहितो. आणि बाराव्या वर्षी, जेव्हा हाडे अजून वाढत असतात, तेव्हा गावातली मुलगी मुरमावर ताठ पायांनी उतरते. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतलेला असतो. याला जबाबदार आपणही आहोत. गुणपत्रिका हातात आल्यावर त्या रकान्याकडे पाहणारे पालक मी माझ्या धर्मग्रामात फारसे पाहिलेले नाहीत.

पुस्तकी ज्ञानाचा उलटा धोकाही आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने आडव्या काठीवरून पाठ खाली करून उंच उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकले. या पद्धतीत शरीर कमानीसारखे वाकते, त्यामुळे अंग काठीवरून जात असताना गुरुत्वमध्य काठीखालूनही जाऊ शकतो. शास्त्र म्हणून ही गोष्ट अद्भुत आहे. पण फॉसबरी पाठीवर पडला तो जाड मऊ गादीवर. पुस्तकातले चित्र पाहून आपल्याकडच्या वाळूच्या खड्ड्यात तोच प्रयोग करू पाहणाऱ्या पोराची मान मोडेल. तेथे पायांवर उतरवणारी जुनी कात्री उडीच बरी. ज्याला शास्त्र कळले तो आधी जमीन पाहील.

खो-खोचेच घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांत बसवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ते सामने मॅटवर झाले. केंदूरला मी पाहत होतो ती मुले अनवाणी, मुरमावर खेळत होती. तरी 'खो' मिळताच जागेवरून उसळण्याची त्यांची रीत विश्वचषकातल्यासारखीच होती. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही गुडघे पूर्ण दुमडलेले, हातांची बोटे जमिनीला टेकलेली आणि वजन पुढच्या पंजावर कललेले. स्नायू आधी ताणला म्हणजे उसळी मोठी येते, हे कुणीही न सांगता त्यांच्या अंगाने शोधून काढले होते. खांबाशी वळणाऱ्याचे शरीर आत झुकते, तेही असेच. शिक्षकाचे काम एवढेच उरते, की अंगाला जे कळले आहे ते मनालाही कळवावे, आणि अंगाची चूक झाली तर ती दाखवून द्यावी.

हे सारे मी त्या दिवशी बोललो नाही. बरेचसे नंतर वाचले. त्या दिवशी मी एवढेच केले, की सराव संपल्यावर त्या तरुण शिक्षकांपाशी गेलो, ओळख सांगितली आणि ॲरिस्टॉटलच्या बोरूची गोष्ट सांगितली. त्यांचे डोळे चमकले. "करून बघू या की, फादर!" त्यांनी एका मुलाच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधला, त्यात कानावर एक खडू आडवा खोचला आणि त्याला कुंपणाच्या काळसर भिंतीलगत चालायला लावले. भिंतीवर पांढरी रेघ उमटली, लहान लहान लाटांची. पोरे खदखदून हसली. मग एकाने धावून पाहिले. त्याच्या लाटा मोठ्या आल्या. मघाची उडी मारणारी मुलगी डोक्यावर हंडा आहे असे समजून चालली. तिची रेघ जवळजवळ सपाट आली आणि सगळे गप्प झाले. "रोज पाणी आणते ती," कुणीतरी मागून म्हणाले. शिक्षकांनी खिशातला मोबाइल काढून तिला पुन्हा चालायला लावले आणि चित्रण संथ करून मुलांना दाखवले. गुडघा किती वाकतो, टाच कधी टेकते, सारे दिसत होते. मारेला त्यासाठी पॅरिसमध्ये आख्खे केंद्र उभारावे लागले होते.

"काका, आता तुम्ही चाला," ती मुलगी म्हणाली. मी चष्मा काढला, रुमाल बांधून घेतला आणि भिंतीलगत दहा-बारा पावले चाललो. मुले रेघेशी गोळा झाली. माझ्या लाटा दोन जातीच्या होत्या: एक उथळ, एक खोल, पुन्हा उथळ, पुन्हा खोल. शिक्षकांनी बोट ठेवून मोजले आणि विचारले, "डावा गुडघा का हो, फादर?"

तेवढ्यात गाडी आली.